मैदान कुठं पळून चाललंय?

आमच्या शाळेच्या वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचा तास असे. तो तेथे होता, याविषयी कोणाच्या मनात संशय नसावा. मुख्याध्यापक या नात्याने वेळापत्रक मी स्वतः पट्टीने आखत असे आणि प्रत्येक वर्गाला तो तास न चुकता मिळेल, याची काळजी घेत असे. फरक एवढाच, की इतर विषयांचे तास घेण्यासाठी असत आणि हा तास देण्यासाठी असे.

तो देण्याचे काम भुजंग व्यंकटराव सुरवसे यांच्याकडे होते. मुरुडजवळच्या एका शेतकरी कुटुंबातला हा माणूस. अंगाने सडपातळ, चालणे ताठ, गळ्यात शिट्टी. महाविद्यालयात असताना ते कबड्डीत उत्तम चढाई करीत, असे त्यांचे सोबती सांगतात. ते स्वतः सांगत नाहीत. ते आमच्याकडे रुजू झाले त्याच सुमारास आमच्या लातूरला गुणांचा शोध लागला. मुले धावतात, घामाघूम होतात, भूक लागली की जेवतात, अशी त्यांची मुलांविषयी समजूत होती. इकडे गावाची समजूत अशी होत चालली होती, की मूल ही बाकावर बसण्याची वस्तू आहे आणि ती जितका वेळ बसेल तितकी तिची किंमत वाढते.

गणिताच्या बुद्धप्रिया मॅडम वर्गाच्या दारात येत. या मूळच्या नांदेडच्या. बोलायला तिखट आणि शिकवायला त्याहून तिखट. त्या म्हणत, "सुरवसे सर, आजचा तास देता का? घटक राहिलाय."

"घ्या की मॅडम," सर म्हणत. "मैदान कुठं पळून चाललंय?"

मग विज्ञानाचे शिक्षक येत, इंग्रजीचे येत. सरांचे उत्तर बदलत नसे. एखाद्या घरची चूल जशी सगळ्या आळीला विस्तव देते, तसा त्यांचा तास सगळ्या विषयांना पुरत असे.

तास नसला तरी सर रिकामे बसत नसत. दर सोमवारी सकाळी ते फक्कीने खो-खोचे मैदान आखीत. त्यांच्या रेषा सुतासारख्या सरळ असत. मला सरळ रेषेविषयी आदर आहे, त्यामुळे कार्यालयाच्या खिडकीतून मी ते काम नेहमी पाहत असे. शाळेची मुले त्या रेषांवर पाऊल ठेवत नसत, तरी पुढच्या सोमवारी त्या पुसलेल्या असत. त्याचे कारण मैदानाच्या मागच्या भिंतीला पडलेले भगदाड हे होते. भिंतीपलीकडे मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली करणाऱ्यांची वस्ती आहे. शाळा सुटून फाटक बंद झाले, की तिथली पोरे त्या भगदाडातून आत येत आणि अंधार पडेपर्यंत मैदान तुडवीत. कागदोपत्री ही मुले अस्तित्वात नव्हती. पुसलेल्या रेषा पाहून सरांना संताप येत असावा, असे मी बरीच वर्षे समजत होतो. संतापलेला माणूस गुणगुणत फक्की मारीत नाही, ही गोष्ट माझ्या ध्यानात उशिरा आली.

मी सेवानिवृत्त झालो आणि संस्थेचा मानद सचिव झालो, त्यानंतरच्या दसऱ्याची ही हकीकत आहे. संस्थेचे अध्यक्ष अमरनाथआप्पा. मोंढ्यात त्यांची जुनी आडत आहे. मोकळी पडलेली कोणतीही वस्तू त्यांना सोसवत नाही, मग ते पोते असो वा जमीन. कार्यकारिणीच्या बैठकीत त्यांनी विषय काढला.

"मैदानात काय उगवतंय, सांगा मला. कुसळं! तिथं अभ्यासिका बांधू. वातानुकूलित. पोरं पहाटंपासून रात्रीपर्यंत बसतील."

सर्वांनी माना हलविल्या. मी ठराव लिहावयास घेतला, तेवढ्यात दाराजवळच्या खुर्चीवरून भुजंग सर उठले. शिक्षक प्रतिनिधी म्हणून ते दरवर्षी बैठकीला येत आणि चहा घेऊन जात. त्यांचा आवाज कार्यकारिणीने त्या दिवशी प्रथमच ऐकला.

"आप्पा, मैदानात पोरं येतील."

"कवा?" आप्पांनी विचारले. "तुझी नोकरी सरत आली, भुजंगा. तुझ्या मैदानात मी आजवर फक्त तुलाच बघितलंय."

"थोडा वेळ द्या."

आप्पा व्यापारी खरे, परंतु दिलदार. "सिद्धेश्वराच्या यात्रेपर्यंत दिला. शिवरात्रीला सकाळी मी येतो. मैदान भरलेलं दिसलं तर बोलणं मिटलं. न्हाई तर दुसऱ्या दिवशी खोदकाम."

बैठकीनंतर सर माझ्याजवळ आले. "सर, मैदान पळून जात नाही असं मी आयुष्यभर म्हणलो," ते म्हणाले.

प्रथम त्यांनी जे केले, ते कोणत्याही सज्जन शिक्षकाने केले असते. त्यांनी आरोग्य सप्ताह योजिला. समतोल आहाराचे तक्ते लागले. घोषणा देत प्रभातफेरी निघाली आणि मुले शिकवणीला वेळेवर पोहोचावीत म्हणून पहिल्याच चौकातून परतली. समारोपाला एक डॉक्टर पाहुणे लाभले. त्यांनी बैठ्या जीवनशैलीच्या दुष्परिणामांवर विस्तृत भाषण केले आणि ते संपेपर्यंत मुले उन्हात मांडी घालून बसली. मग पाहुण्यांचा सत्कार झाला आणि तळलेल्या पदार्थांचे अपायही पाहुण्यांनीच सांगितलेले असल्यामुळे सर्वांना समोसे देण्यात आले.

पालक सभेत सरांनी जाहीर केले, की रोज सकाळी मैदान खुले राहील. मुलांना पाठवा, फी नाही. साक्षी नावाच्या हुशार मुलीची आई उज्वलाताई पुढच्या रांगेत होत्या. त्यांनी हात वर केला.

"सर, शिकवायला कोण आहे? मोठ्या क्लाससारखे हैदराबादचे आहेत का?"

"मीच आहे, ताई."

"बरं. टेस्ट सिरीज?"

"टेस्ट न्हाई. खेळायचं."

"नुसतंच?" उज्वलाताईंनी इतक्या कळवळ्याने विचारले, की जणू सर मुलांना उपाशी ठेवणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर सर होते आणि एक कुत्रे होते. पुढे कुत्र्यानेही येणे सोडले.

शिक्षक कक्षात हा विषय निघाला, तेव्हा बुद्धप्रिया मॅडम वह्या तपासत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "सर, तुमचं चुकतंय कुठं सांगू? फाटक उघडं ठेवताय."

"मग काय करू?"

"कुलूप लावा. आपल्या गावात सगळ्यांना मिळणाऱ्या गोष्टीला कोण विचारतंय? जिथं आपला नंबर लागला न्हाई, तिथंच आपलं पोरगं पाहिजे असतं. चाळणी लावा, चाळणी."

"खोटं लिहायचं का मॅडम, या वयात?"

"खोटं कशाला? आहे तेच लिहा. फक्त त्यांना येऊ नका म्हणा."

दिवाळीच्या सुट्टीनंतर फाटकावर कुलूप आणि एक फलक दिसू लागला. मजकूर माझ्याकडून तपासून घेतलेला असल्यामुळे मला तो पाठ आहे. ‘पहाट बॅच. सहनशक्ती व एकाग्रता. मर्यादित जागा. प्रवेश निवड चाचणीद्वारेच. केवळ खेळण्यासाठी येणाऱ्यांनी कृपया चौकशी करू नये.’ यातले एकही अक्षर असत्य नव्हते. धावल्याने सहनशक्ती वाढते, खो-खोत एकाग्रता लागते आणि कोणत्याही मैदानाची जागा मर्यादितच असते.

त्याच संध्याकाळी फाटकासमोर दुचाक्यांची रांग लागली. सर्वांत पुढे उज्वलाताई.

"सर, आमच्या साक्षीचं बघा ना काहीतरी."

"चाचणी द्यावी लागंल, ताई."

"अभ्यासक्रम?"

"लंगडी. दोरीच्या उड्या. एका दमात मैदानाची फेरी."

"प्रश्नसंच मिळेल का?"

चाचणी झाली. सरांना कोणाला नापास करावयाचे नव्हते, परंतु सगळेच उत्तीर्ण झाले असते तर कोणीच आले नसते. म्हणून काही मुलांना त्यांनी पुढची तारीख दिली. याचा परिणाम त्यांच्याही अपेक्षेबाहेर झाला. शेजारच्या गल्लीतील एका गृहस्थांनी आठवड्याच्या आत ‘निवड चाचणी विशेष वर्ग’ काढला. हा वर्ग एका सभागृहात, बाकांवर भरे. तेथे लंगडीची व्याख्या, लंगडीचे प्रकार आणि लंगडीचे फायदे लिहून देत. बसून लंगडी शिकलेली ती मुले नंतर आमच्याकडे येत आणि पाचव्या पावलाला तोल जाऊन पडत. परंतु कोणत्या स्नायूमुळे पडलो, हे त्यांना अचूक सांगता येई.

डब्याची अटही सरांनी याच वेळी घातली. मुलांचे डबे म्हणजे नूडल्स, क्रीमची बिस्किटे आणि पिशवीतले कुरकुरीत पदार्थ, हे त्यांना फार दिवस खुपत होते. त्यांनी आयांना बोलावून सांगितले, "ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही, एखादी पालेभाजी, मोड आलेली मटकी. येळवसेला शेतात बसून जे खाता ना, त्यातलंच थोडं थोडं रोज."

"भज्जी?" वेळ अमावस्येची ती पातळ भाजी आठवून एक आई उद्गारली. "डब्यात? सांडंल की!"

उज्वलाताई लिहून घेत होत्या. "भाकरी आमच्याकडं फक्त सासूबाईंना लागते. आता त्यांनाच विचारावं लागेल. जाडी किती ठेवायची, सर?"

"तुमची सासू ठेवते तेवढी."

"आणि शेंगदाणे? प्रमाण?"

"मूठभर."

"कुणाच्या मुठीनं?"

सरांनी शिट्टी तोंडात धरली. पुष्कळदा ते तिचा उपयोग वाजविण्यासाठी नव्हे, तर न बोलण्यासाठी करीत.

फाटकाशेजारी साखराबाई बसतात. बोरे, पेरू, भाजलेल्या शेंगा असा त्यांचा माल. समोरच्या दुकानात रंगीत पिशव्यांच्या माळा लटकू लागल्यापासून त्यांची टोपली संध्याकाळी भरलेलीच परत जाई. एके दिवशी त्यांनी मला हाक मारून थांबविले.

"ओ हेडमास्तर, ह्या बायांना काय झालंय?"

"का बरे?"

"इचारतेत, परीक्षेच्या शेंगा हायेत का म्हणून. म्या म्हणलं, हायेत की. त्याच टोपलीतल्या दिल्या." त्या बोळक्या तोंडाने हसल्या. "येक बाई तर म्हणली, पेरू कापून देऊ नका, त्यातली हुशारी जाती."

शिवरात्रीला आप्पा आले. मैदान भरलेले होते. मुले ओळीने धावत होती, ओळीने उड्या मारीत होती आणि भिंतीलगत पालक मनगटावरच्या घड्याळांत पाहत उभे होते. आप्पांना मनापासून आनंद झाला. त्यांनी सरांची पाठ थोपटली.

"जिंकलास भुजंगा! अभ्यासिका दुसरीकडं बांधू. मैदान तुझं."

सरांनी आप्पांना हात जोडले. मी त्यांच्याशेजारी होतो. ते हात बराच वेळ खाली आले नाहीत.

"पण इतका किमती माल असा उघड्यावर ठेवायचा का?" आप्पा पुढे म्हणाले. "चारी बाजूंनी उंच भिंत घालू. ओळखपत्राशिवाय आत कुणी न्हाई. आणि ते मागचं भगदाड आधी बुजवा. वस्तीतली पोरं येतेत म्हणं तिथून. खामखा पालकांची तक्रार नको."

सरांचे जोडलेले हात सुटले. मैदान वाचविण्यासाठी त्यांनी त्याला कुलूप लावले होते. आता ते कुलूप पक्के झाले होते. ज्यांनी कोणतीही चाचणी न देता, कोणताही फलक न वाचता वर्षानुवर्षे ते मैदान वापरले, ज्यांनी पुसावे म्हणून सर रेषा आखीत, तीच मुले बाहेर राहणार होती.

शिवाय आणखी एक गोष्ट त्यांना टोचत होती. पहाट बॅच धावे, परंतु हसत नसे. मुले फेऱ्या पूर्ण करीत आणि पुढच्या शिकवणीला जात. एकदा साक्षीने विचारले, "सर, आज टेस्ट आहे का नुसताच खेळ?"

"नुसताच."

"मग कोण पुढं आहे, ते कसं कळणार?"

त्या रविवारी सर माझ्या घरी आले. चहा त्यांनी निवू दिला. "सर, भिंतीचं काय करता येईल?"

मी म्हणालो, "आप्पांचा शब्द आहे. मैदान मोकळे असावे म्हणून ते ऐकणार नाहीत. त्यांना कळेल असे काही सांगा."

सरांनी विचार केला आणि दुसऱ्या दिवशी आप्पांच्या आडतीवर जाऊन सांगितले, की पहाट बॅच तयार झाली, पण तिचा कस लागलेला नाही. भिंत घालण्याआधी बाहेरच्या एका संघाशी सामना ठेवावा. सौदा करण्याआधी माल पारखून घ्यावा, हे आप्पांना लगेच पटले.

"कुठला संघ?"

"जवळचाच हाय, आप्पा. रोज सराव करतो."

पाडव्यानंतरच्या रविवारी सामना झाला. सगळे पालक आले. पहाट बॅच नव्या बुटांत, एकसारख्या गणवेशात फाटकातून आत आली. बाहेरचा संघ भगदाडातून आला, अनवाणी. आप्पांच्या कपाळाला आठी पडली. पण पाहुणा संघ म्हणून त्यांनीच आदल्या दिवशी केळी मागविलेली होती, तेव्हा बोलणे शक्य नव्हते.

आमची मुले नियमांत पारंगत होती. किंबहुना त्यांना नियमच येत होते. साक्षी चपळाईने हुलकावणी देत धावत होती. तेवढ्यात वस्तीतल्या एका मुलीने आपल्या गड्याच्या पाठीला हात लावण्याआधीच "खो" म्हटले. साक्षी जागच्या जागी थांबली आणि तिने बोट वर केले.

"सर, फाऊल! स्पर्श झाल्याशिवाय—"

उठलेल्या गड्याने तिला शिवले.

"ही बाद!" वस्तीतली पोरे ओरडली.

"पण फाऊल होता, सर!"

"होता," भुजंग सर म्हणाले. "तू बाद न्हाईस. तुझं शंभर टक्के बरोबर हाय, बेटा. पण पळता पळता सांगावं."

"थांबली तर बाद!" खो देणारी मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आमच्यात असं बोट वर केलं तर पाणी प्यायला जायचंय समजतेत."

साक्षीने तिच्याकडे रागाने पाहिले. मग तिचा चेहरा निवळला आणि ती हसू लागली. ती दुसरी मुलगीही हसली. पहाट बॅचमध्ये कोणीतरी हसलेले मी प्रथमच पाहिले. भुजंग सरांनी शिट्टी वाजवावयास हवी होती. ती त्यांच्या हातातच राहिली. पुढे सामना फार सरळ रेषेत चालला नाही. नियमांचे बरेच उल्लंघन झाले आणि आरडाओरडाही झाला. शेवटी बाहेरचा संघ जिंकला, आणि कितीने जिंकला यावर केळी संपेपर्यंत वाद चालू राहिला.

पालक गंभीर झाले. उज्वलाताई थेट साखराबाईंकडे गेल्या, कारण जिंकलेल्या संघात साखराबाईंची दोन नातवंडे होती.

"आजी, तुमची मुलं कुठल्या क्लासला जातात?"

"क्लास?" साखराबाई म्हणाल्या. "अवो, दिवस बुडाला तरी घरला येईनात. मागं काठी घेऊन पळावं लागतंय मला."

"म्हणजे संध्याकाळची बॅच आहे. आणि आहार?"

"भाकर. संगं असंल ते कोरड्यास."

उज्वलाताईंनी अर्थपूर्ण मान हलविली. त्या सोमवारी संध्याकाळी, फाटक बंद झाल्यावर, साक्षी भगदाडातून आत आली. तिच्यामागे तिच्या वर्गातल्या दोघी आल्या. आठवडाभरात भिंतीपलीकडे दुचाक्या उभ्या राहू लागल्या. आपल्या मुलांना दारातून नव्हे, तर भिंतीच्या भोकातून आत घालण्यासाठी सुशिक्षित पालक ओळीने उभे आहेत, असे दृश्य मी माझ्या सेवाकाळात पाहिले नव्हते. भुजंग सर भगदाडाशेजारी दगडावर बसून प्रत्येकाला सांगत, "जागा न्हाई, बॅच भरली." आणि मुलांना आत सोडीत.

भिंतीचा विषय पुढील बैठकीत आला. आप्पांनी बाहेर उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्या होत्या.

"भिंत घालायचं ठरलंय, ते ठरलंय," ते म्हणाले. "सचिव, लिहा. पण घाई नको."

मी ठराव लिहिला: ‘भिंतीचे काम यथावकाश हाती घ्यावे.’ संस्थेच्या दप्तरात या शब्दाने संरक्षित झालेल्या अनेक गोष्टी आहेत. एक कौलारू खोली तर माझ्या आधीच्या सचिवांच्या काळापासून यथावकाश पडावयाची आहे.

भुजंग सर नोव्हेंबरअखेर सेवानिवृत्त झाले. त्याआधीच्या आठवड्यात चाचणी परीक्षा जवळ आली होती. मी काही कागदांसाठी शाळेत गेलो होतो. नववीच्या वर्गाची रांग मैदानाकडे निघाली होती. सर पुढे, मुले मागे. तेवढ्यात व्हरांड्यात बुद्धप्रिया मॅडम आल्या. हातात खडू होता.

"सुरवसे सर, शेवटचंच मागते. आजचा तास देता का? घटक राहिलाय."

सर थांबले. मुलेही थांबली. कोणीतरी हळूच निःश्वास सोडला.

"न्हाई, मॅडम," सर म्हणाले.

मॅडमना ऐकू आले नसावे, असे वाटले. "काय म्हणालात?"

"न्हाई म्हणलं. मैदान पळून जातंय. बघितलंय मी."

मॅडमनी खडू पर्समध्ये टाकला आणि पर्स खांद्याला अडकविली. "बरं. मग मला तरी येऊ देता का? सावलीत उभी राहते."

"चाचणी द्यावी लागंल. लंगडी."

"अहो सर, माझं वय काय!"

"वयाची अट न्हाई. मर्यादित जागा हाय फक्त."

मुले ओरडू लागली, "मॅडम! मॅडम!" मॅडमनी इकडेतिकडे पाहिले. कार्यालयाच्या खिडकीत मी दिसताच त्यांनी पदर खोचावयाचा थांबविला. वेळापत्रकाप्रमाणे तो शारीरिक शिक्षणाचा तास होता, आणि मी खिडकीकडे पाठ करून कागद शोधू लागलो.